सूर्याकडे पाठ

१

ऊन कलायला लागलं की मास्तर दुकानाच्या दारात येऊन उभे राहायचे. उजवा खांदा खाली, डावा वर. कॅमेऱ्याची जड बॅग उभा जन्म एकाच खांद्याला लटकवली की माणूस असा तिरका होतो. गल्लीच्या टोकावरूनही लोक त्यांना त्या खांद्यावरूनच ओळखत. शेजारचा शिंपी म्हणायचा, "मास्तर, तुमचा शर्ट शिवायचा म्हणजे मला दोन माणसांची मापं घ्यावी लागतात." मास्तर हसायचे. हसायचे दिवस होते ते.

मास्तर शाळेतले नव्हेत. पासपोर्टचे फोटो आणि लग्नांचे अल्बम यांवर त्यांचं घर चालायचं. रविवारी सकाळी फोटोक्लबात हौशी मंडळींना ते चार गोष्टी शिकवायचे, त्यावरून हे नाव पडलेलं. जीव मात्र डोंगरात. शहरामागच्या रांगेत दोन सुळके होते आणि त्यांच्या मधोमध सूर्य बुडताना टिपण्यात मास्तरांनी सगळं तरुणपण घालवलं होतं. क्लबाच्या हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर एक खिळा होता. वर्षातला सगळ्यात चांगला फोटो त्या खिळ्यावर लागायचा. तो कुणाचा असणार हे विचारायचीही पद्धत उरली नव्हती.

मग बायकोने कॅमेरा हातात घेतला.

दोष द्यायचा तर मास्तरांनी तो स्वतःलाच द्यायला हवा होता. बायको बिचारी दुकानात संगणकापुढे बसून गिऱ्हाइकांच्या गालांवरचे फोड पुसायची, कोट नसलेल्यांना कोट चढवायची. एकदा कंटाळून म्हणाली, "अहो, मीपण येऊ का एकदा वर?" मास्तर म्हणाले, "जुना कॅमेरा धूळ खात पडलाय. तो घे आणि तूच जा. तेवढंच माझं डोकं खाणं बंद होईल."

ती गेली. आणि सगळे जिकडे तोंड करून उभे राहतात तिकडे पाठ करून बसली.

"सूर्याकडे काय बघायचं?" तिने नंतर अगदी साधेपणाने सांगितलं. "तो कुठे पळून जातोय? तो ज्यांच्याकडे बघतोय, त्यांच्याकडे बघावं." तिच्या फोटोत सूर्य नसायचाच. असायचे ते समोरचे डोंगर. शेवटचं आडवं ऊन त्यांच्या घळीघळीत शिरलेलं, कडे आतून पेटलेले, निखाऱ्यावर फुंकर घालावी तसे. मास्तर इतकी वर्षं त्याच पठारावर उभे राहत होते. एकदा मान वळवली असती तर पुरलं असतं.

त्या वर्षी खिळ्यावर बायकोचा फोटो लागला. मास्तरांनी स्वतःच्या हातांनी तो टांगला, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडले. पोटात दुखतंय म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं.

२

पुढे क्लबाने मोठं प्रदर्शन ठरवलं, आणि त्यासाठी तिचे नवे फोटो भिंतीएवढे करून छापायचं काम आलं. छपाईचं यंत्र गावात मास्तरांकडेच होतं. म्हणजे बायकोच्या कौतुकाला नवऱ्यानेच शाई घालायची.

मास्तरांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. आतल्या खोलीत यंत्राची घरघर सुरू झाली. कागद इंचाइंचाने बाहेर येऊ लागला. आधी आभाळ, मग डोंगरांचे माथे, मग दरी, मग खाली पठाराच्या टोकाचा तो सपाट कातळ. मास्तर भिंग घेऊन वाकून बसले होते. त्यांना चूक हवी होती. एखादी तिरकी क्षितिजरेषा, एखादा हललेला दगड. भुकेल्या माणसाने डबा उघडावा तसे ते एकेक कोपरा तपासत होते.

आणि चूक सापडली. अगदी खाली, कातळाच्या उजव्या कडेला, सावलीचं टोक होतं. एक डोकं आणि थोडी मान.

मास्तरांना इतका आनंद झाला की ते उठून उभे राहिले. क्लबात नव्या माणसाला ते पहिला धडा हाच द्यायचे: सूर्य पाठीशी असेल तर बटण दाबायच्या आधी खाली बघा. स्वतःची सावली फोटोत आली की फोटो मेला. नवशिक्यांची चूक! आणि ही म्हणे खिळ्यावरची!

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली. आवाजात साखर घोळवली होती. "हे काय आहे बघ बरं."

बायको ओल्या हातांनी आली, वाकली आणि बघत राहिली.

"सावली आहे," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय. स्वतःची सावली कळू नये?"

"पण ही माझी नाही हो. तिथे तो मोठा धोंडा आहे ना, मी त्याच्या सावलीत बसते. माझी सावली त्यातच बुडून जाते. ही बघा ना, धोंड्याची डावीकडे आहे. ही उजवीकडे आहे."

मास्तरांनी पुन्हा भिंग लावलं. ती म्हणत होती ते बरोबर होतं. धोंड्याची सावली डावीकडे काळीभोर पसरलेली, त्यात बाई काय, बैलगाडीही लपली असती. उजवीकडचं डोकं वेगळं होतं, आणि ते पुरुषाचं होतं.

"मग कुणाची?"

"काय माहीत," बायको म्हणाली आणि हात पुसत आत गेली. ती थोडी लवकरच गेली, असं मास्तरांना वाटलं. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

३

मत्सराचं एक बरं असतं, त्याला घर बदलायला सामान बांधावं लागत नाही. काल तो फोटोवर होता, आज बायकोवर आला.

ती दूध आणायला गेली होती तेवढ्यात मास्तरांनी संगणकावर तिचे सगळे फोटो उघडले. सुरुवातीच्या फोटोंत काही नव्हतं. मग एकात, कातळाच्या अगदी कडेला, काळा ठिपका. मास्तरांनी एरवी तो डाग समजून सोडला असता. पुढच्यात डोकं. त्याच्या पुढच्यात खांदे. आणि परवाच्या फोटोत सावली कमरेपर्यंत कातळावर आली होती. डोंगर तेच, धोंडा तोच, बायकोची जागा तीच. कुणीतरी रोज तिच्या मागे येऊन उभं राहत होतं, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं जवळ.

"वर कोण कोण असतं गं हल्ली?" त्यांनी जेवताना सहज विचारावं तसं विचारलं.

"वर कोण असणार? वारा असतो."

"नाही, म्हणजे एकटीला भीती नाही वाटत? कडा आहे तिथे."

"आधी वाटायची," ती म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर रस्त्याने मान खाली घालून चालू लागले. लोकांना वाटलं, माणूस नम्र झाला. मास्तर लोकांच्या सावल्या बघत होते. केसांचा कोंबडा असलेला बँकेतला कारकून, तो नव्हे. लांब मानेचा औषधवाला, तोही नव्हे. क्लबाचे अध्यक्ष भेटले. निवृत्त मोजणी अधिकारी, गुडघ्यांनी संप पुकारलेला, हातात काठी. मास्तरांनी त्यांचीही सावली डोक्यापासून काठीपर्यंत तपासली.

"काही पडलंय का मास्तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"छे, छे."

"बायकोला जपा हो. तिचा हात म्हणजे देणगी आहे. तुम्ही शिकवून आलेला नाही तो, राग मानू नका."

"राग कसला," मास्तर म्हणाले. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. या म्हाताऱ्याचे गुडघे वर जायला तयार नाहीत, हे त्याचं नशीब, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

४

मास्तरांचं दुकान पश्चिमेच्या तोंडाचं होतं. संध्याकाळी ऊन आडवं आत येऊन थेट मागच्या पांढऱ्या पडद्यावर पडायचं. त्या वेळी कुणी पासपोर्टचा फोटो काढायला आलं की मास्तर आपोआप डावीकडे सरकून उभे राहत. मध्ये उभं राहिलं की त्यांची सावली पडद्यावर चढून गिऱ्हाइकाच्या कानामागून डोकवायची. इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेली गोष्ट.

त्या संध्याकाळी बायको वर गेली होती. मास्तर दारात उभे राहून डोंगरांकडे बघत होते. आभाळ आज काही वेगळंच रंगत होतं. आत्ता ती धोंड्यापाशी बसली असेल, तिच्यामागे तो असेल, आणि समोर असं ऊन! आपण मात्र इथे उभे. बसू दे, त्यांच्या मनात आलं, बसू दे आणखी पुढे. एकदा पाय घसरला म्हणजे कळेल. विचार आला आणि गेला. असे विचार कुणाला येत नाहीत? मास्तरांना ते हल्ली रोज याच वेळी यायचे.

"फोटो काढायचाय," पायरीवरून एक बाई म्हणाल्या.

मास्तर तंद्रीत आत आले, कॅमेरा उचलला आणि फोटो काढला. काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण मध्ये उभे आहोत. पाठीवर ऊन जाणवत होतं. पुन्हा काढावा लागणार म्हणून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

पडदा कोरा होता. बाईंची सावली होती, खुर्चीची होती, दाराच्या चौकटीची होती. दारात लटकणाऱ्या दोरीचीसुद्धा होती, वाऱ्याने हलणारी.

मास्तरांनी हात वर केला. पडद्यावर काही हललं नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"ढग आला वाटतं," मास्तर म्हणाले. बाईंनी बाहेर बघितलं. ऊन डोळ्यांत जात होतं.

त्यांना वाटेला लावून मास्तर बराच वेळ बसून राहिले. चष्म्याचा नंबर वाढला असेल. रात्री झोप नाही. ऊन काचेवरून परावर्तित होऊन दुसऱ्या बाजूनेही येत असेल, मग सावली पुसली जाते, त्यात नवल नाही. असं त्यांनी स्वतःला व्यवस्थित समजावलं. क्लबात एखाद्याने विचारलं असतं तर त्यालाही त्यांनी हेच सांगितलं असतं.

ऊन गेलं, दिवे लागले, बायको परत आली. नळाखाली पाय धुतल्याचा आवाज आला. मास्तरांनी तिच्या कॅमेऱ्यातला आजचा फोटो उघडला. सावली आता गुडघ्यांपर्यंत कातळावर होती. पाठ, हात, सगळं स्वच्छ. आणि खांदे. इतके दिवस मास्तर परका माणूस शोधत होते, म्हणून ते दिसत असून दिसलं नव्हतं.

उजवा खाली, डावा वर.

५

सकाळी चहा पिताना त्यांनी फोटो तिच्यापुढे धरला.

"हे... हे कोण आहे, ठाऊक आहे तुला?"

बायकोने एकदा फोटोकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. आणि मास्तरांना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. ती लाजली.

"इतक्या दिवसांनी ओळखलंत होय?" ती म्हणाली. "मी तर कधीच ओळखली. तो खांदा कुठेही ओळखेन मी."

"तू घाबरली नाहीस?"

"पहिल्यांदा घाबरले ना. वाटलं, तुम्हीच आलात. वळून बघते तर कुणी नाही. तशीच पळत खाली आले, तर तुम्ही दारात उभे." तिने पदराने कपाखालचा चहाचा थेंब पुसला. "मग म्हटलं, या माणसाला तोंडाने कधी बोलता आलंय? फोटो चांगला आला, एवढंसुद्धा म्हणाला नाहीत तुम्ही कधी. मला वाईट वाटायचं. पण काळजी असल्याशिवाय असं होईल का? कसं होतं ते मला विचारू नका. तुम्ही इथे दारात उभे राहून माझा विचार करता ना संध्याकाळी?"

"करतो," मास्तर म्हणाले. ते खरं होतं.

"झालं तर मग. ती सावली मागे असली ना, की मला कड्याची भीती वाटत नाही. फोटो काढून झाला की आता मी धोंडासुद्धा सोडते. पुढे कातळावरच बसते, टोकाला. तिथून दरी काय दिसते म्हणून सांगू!"

मास्तरांच्या पायांखालची जमीन सरकली. संध्याकाळी दारात उभं असताना आपल्या मनात काय असतं हे जगात एकट्या त्यांना माहीत होतं. आता एकच वाक्य बोलायचं होतं: उद्यापासून वर जाऊ नकोस. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण ती विचारील, का? आणि मग सांगावं लागेल.

"आज मी येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले. स्वतः तिथे असलो की सावली आपल्याच पायांशी राहील, असा त्यांनी हिशेब केला. हिशेब चांगला होता.

बायकोचा चेहरा उजळला. "खरंच? मग कॅमेरा घ्या तुमचा!"

तो कशाला, असं मास्तर म्हणाले. निघताना मात्र बॅग खांद्याला होती.

६

पठारावर वारा होता. दुसरा आवाज नव्हता. सुकलेलं गवत एका बाजूला झोपत होतं आणि पुन्हा उठत होतं.

बायको सवयीने पुढे गेली, धोंडा ओलांडून कातळावर, टोकाजवळ. मास्तर मागे उंचवट्यावर थांबले. सूर्य त्यांच्या पाठीशी होता. मानेवर ऊब लागत होती.

"अहो, इकडे या ना पुढे!"

"इथूनच बरं दिसतंय," मास्तर ओरडले.

आणि दिसत होतं. इथून फक्त डोंगर नव्हते, ती होती. लालभडक कातळावर एवढीशी बसलेली बाई, तिच्यापुढे दरी, दरीपलीकडे पेटत चाललेले कडे. माणूस होता म्हणून डोंगर केवढे आहेत ते कळत होतं. असा फोटो तिलाही कधी काढता आला नसता, कारण त्यात ती स्वतः लागत होती. मास्तरांनी कॅमेरा तिवईवर चढवला.

बटणावर बोट ठेवताना जन्मभराच्या सवयीने त्यांनी आधी खाली पाहिलं.

तिवईच्या तिन्ही पायांच्या सावल्या गवतावरून लांब गेल्या होत्या. बॅगेची होती. दगडादगडाची होती. त्यांच्या बुटांपासून काहीच निघत नव्हतं.

त्यांनी मान वर केली. सावली कातळावर होती. संपूर्ण, पायांसकट, कुणालाही चिकटलेली नसलेली. उजवा खांदा खाली. बायकोच्या पाठीपासून हातभर लांब.

बायकोला तिची चाहूल लागली असावी. ती वळली नाही. "आलात?" असं तिने हसून म्हटलेलं वाऱ्यावर ऐकू आलं, आणि शेजारी जागा करून द्यावी तशी ती थोडी पुढे सरकली. टोकाकडे.

मास्तरांचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. सावलीचे हात हळूहळू वर येत होते.

हाक मारायला पुरेसा वेळ होता. हे मास्तरांनी स्वतःपासून पुढे कधीच लपवलं नाही. तोंड उघडलेलंही होतं. पण तेवढ्यात पश्चिमेचा पातळ ढग फाटला आणि उजेड असा सांडला की समोरचा एकेक कडा, एकेक घळ, तिच्या उडणाऱ्या केसांची एकेक बट पेटून उठली. असा उजेड त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. तिला रोज मिळायचा.

एकच, मास्तरांनी मनात म्हटलं. एकच काढतो.

बटण दाबलं. हाक त्यांनी नंतर मारली.

७

पाय घसरला, असं सगळे म्हणाले. क्लबातली माणसं दुकानात येऊन बसून गेली. शिंप्याने कितीतरी दिवस मशीन चालवलं नाही.

प्रदर्शन पुढे ढकललं आणि मग तिच्या स्मरणार्थ भरवलं. खिळ्यावर मास्तरांचा तो शेवटचा फोटो लागला. लोक त्याच्यापुढे उभे राहून डोळे पुसत होते. असा फोटो बघितला नाही, म्हणत होते. मास्तर खिडकीपाशी उभे होते, खांदा टाकून. खिळा परत मिळाला होता. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती.

गर्दी ओसरली तसे अध्यक्ष काठी टेकत फोटोजवळ गेले.

"मास्तर, तुमच्यासारख्या माणसाने ही चूक करावी?" ते हलकेच म्हणाले. "स्वतःची सावली आलीय की हो तिच्या मागे. हातसुद्धा उचललेले दिसतायत. कॅमेरा धरलेला असणार, नाही का?"

"हो," मास्तर म्हणाले.

"असू दे. निदान तिच्याजवळ तरी आहे." म्हातारा फोटोच्या आणखी जवळ झुकला. मग त्याने सुस्कारा सोडला. "फोटो चांगलाच आहे. पण खरं सांगू का, राग मानू नका. तिचा हात वेगळा होता. हाच उजेड तिला मिळाला असता ना, तर..."

"तर काय?"

"जाऊ द्या. कळतंय तुम्हाला."

मास्तरांना कळलं. मत्सराने घर सोडलंच नव्हतं. म्हणजे अजूनही. म्हणजे ती नसतानाही.

अध्यक्षांनी सगळ्यांचा निरोप घेतला आणि ते जिन्याकडे निघाले. हॉल वरच्या मजल्यावर होता आणि जिना उभा. खिडकीतून मावळतीचं ऊन आडवं आत आलं होतं. खुर्च्यांच्या सावल्या जमिनीवर एकमेकींत गुंतल्या होत्या. मास्तरांनी सवयीने खाली पाहिलं.

पायांशी काही नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी म्हाताऱ्याने काठी पहिल्या पायरीवर टेकवली. त्याच्यामागे भिंतीवर एका सावलीचा खांदा उतरलेला होता.

जपून उतरा, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. आणि मग ते जरासे थांबले.